लिंबोळीचं काम पाण्यात

काचेच्या चंचुपात्रात पंचवीस अळ्या आहेत, सगळ्या एडिस इजिप्ती डासाच्या. डोकं खाली, शेपटीकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेली, अशा त्या लटकलेल्या असतात. टेबलाला जरा धक्का लागला की सगळ्या वळवळत तळाला जातात आणि मग हवेसाठी एकेक करून वर येतात. काल या पाण्यात लिंबोळीच्या तेलाचं पातळ द्रावण टाकलं होतं. चोवीस तास झाले, आणि तीन-चार सोडल्या तर सगळ्या जिवंत आहेत. शेजारच्या पात्रात टेमिफॉस आहे. आरोग्य खात्यातले लोक याला 'अबेट' म्हणतात. तिथं मात्र सगळ्या अळ्या तळाशी निपचित पडल्या आहेत.

"आज बघून निकाल लावू नका, सर," पीएच.डी. करणारी मुलगी म्हणाली. "तेरवा या. मात्रा मुद्दाम कमी ठेवलीय. म्हणजे लिंबोळी नेमकं करते काय, ते दिसेल."

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे महाविद्यालय. यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'दारातलं झाड' हा विषय दिला, तेव्हा मला दारातल्या कडुलिंबापेक्षा दारातल्या पाण्याच्या टिपाडाची आठवण आधी झाली. पावसाळा संपत आला की आमच्याकडं घरटी एक जण तापानं फणफणलेला असतो आणि त्याच मोसमात घराघरांत लिंबाचा पाला पेटवून धूर केला जातो. त्या पाल्याचा डासांवर खरोखर परिणाम होतो का, होत असेल तर कुठं आणि किती, हे मला बघायचं होतं. म्हणून सुरुवात प्रयोगशाळेपासून केली.

तिथल्या कपाटात फिल्टर कागदाच्या पट्ट्या जपून ठेवल्या होत्या. त्यांवर खसखशीहून बारीक काळे ठिपके होते. ही एडिसची अंडी. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाण्यात बुडली की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. मागच्या वर्षी रिकामं करून कोपऱ्यात उपडं न घातलेलं पिंप यंदा भरलं की त्यात डास कुठून येतात, याचं उत्तर त्या पट्टीवर होतं.

ठरल्याप्रमाणे पुन्हा गेलो, तेव्हा लिंबोळीच्या पात्रातलं चित्र पालटलं होतं. मुलीनं भिंग हातात दिलं. काही अळ्या अजून अळ्याच होत्या, नुसत्या सुस्तावलेल्या. काहींची कात अर्धी निघून अंगाला चिकटून बसली होती. पुढचं अर्धं अंग कोषाचं, मागचं अर्धं अळीचं, असे जीव पाण्यावर तरंगत होते. एक डास कोषातून निम्मा बाहेर आला होता, पण पाय आत अडकलेले, पंख ओले आणि चुरगळलेले. तो तिथंच मेला होता. पंचविसांतून धड उडालेले डास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

लिंबोळीतला मुख्य घटक ॲझाडिरॅक्टिन. कीटकाला कात टाकायला लावणारं जे संप्रेरक असतं, त्याची वेळ हा पदार्थ बिघडवतो. अळीला चार वेळा कात टाकून कोषात जायचं असतं, आणि ती त्याच वाटेवर अडखळते. अबेट मज्जासंस्थेवर घाव घालतं, म्हणून ते तासांत मारतं. लिंबोळीला दिवस लागतात. तिची चाचणीसुद्धा त्यामुळं वेगळ्या धीरानं घ्यावी लागते. चोवीस तासांनी मेलेल्या अळ्या मोजायच्या, ही जगभरची रूढ रीत. तेवढ्यावर थांबलं, तर सौम्य मात्रेतली लिंबोळी नापास ठरते.

पाखरांनी खाल्लेल्या बिया

लिंबोळ्या जून-जुलैत पिकतात. त्या दिवसांत धाराशिव, बीड, लातूरकडच्या गावांत बांधावरच्या लिंबांखाली म्हाताऱ्या बायका आणि लहान पोरं बसलेली दिसतात. पिवळी झालेली लिंबोळी गोडसर असते. कावळे आणि वटवाघळं गर खातात आणि बी टाकतात. पाखरं रात्री जिथं वस्तीला असतात, त्या झाडाखाली गर निघालेल्या बियांचा सडा पडतो. अनुभवी बाई तेवढंच वेचते, कारण मग गर काढायचे कष्ट वाचतात.

"ओली ठिवली की बुरा चढतो बघा," एक आजी म्हणाल्या. त्यांच्या ओसरीवर गोणपाटावर बिया पसरल्या होत्या, सावलीत. "उन्हात वाळवायची न्हाई. व्यापारी हातात घेतो, एक फोडतो. आतलं हिरवं दिसलं तर घेतो, काळं दिसलं तर भाव पाडतो."

आजींना ॲझाडिरॅक्टिन हे नाव ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्या सांगत होत्या ते अगदी बरोबर होतं. बियांच्या गरात हा घटक एक टक्क्याहूनही कमी असतो, आणि ओल, बुरशी, ऊन या तिन्हींनी तो झपाट्यानं घटतो. पावसाच्या तोंडावर पिकणारं फळ वाळवायचं म्हणजे कसरतच. दोन गावांतलं, दोन हंगामांतलं, दोन घाण्यांवरचं तेल त्यामुळं सारखं निघत नाही. शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या लिंबोळी अर्काच्या बाटलीवर 300, 1500, 10000 पीपीएम असे आकडे छापलेले असतात. ते त्या घटकाचं प्रमाण सांगतात. घाण्यावरून डब्यात भरून आणलेल्या तेलाला असा कुठलाच आकडा नसतो.

घाणा तालुक्याच्या रस्त्यावर आहे. खरं तर तो लोखंडी एक्स्पेलर, पण लोक घाणाच म्हणतात. आत शिरण्याआधीच वास गाठतो, लसूण आणि गंधकाच्या मधला. तेल गडद, हिरवट-तपकिरी. थंडीत थिजतं. चालकाला विचारलं की हे तेल जातं कुठं. साबणवाले नेतात, शेतकरी फवारणीला नेतात, मोठे व्यापारी खत कारखान्यांसाठी उचलतात. 2015 पासून देशात मिळणारा सगळा अनुदानित युरिया लिंबोळीच्या तेलाचा लेप दिलेलाच असतो. युरियातला नत्र सावकाश सुटावा आणि तो दुसरीकडं वळवला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. डासांसाठी कोणी नेतं का? चालकानं आठवून पाहिलं. गोठ्यात फवारायला नेतात, म्हणाला, गुरांना चावणाऱ्या माश्यांसाठी.

या झाडाची किंमत जगाला आपल्या नंतर कळली आणि तरी दावा मात्र आधी ठोकला गेला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये दाखवलं होतं की लिंबोळीच्या गराचं पाणी शिंपडलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाही. ॲझाडिरॅक्टिन वेगळं काढलं गेलं 1968 मध्ये, इंग्लंडात. पुढं लिंबोळी तेलाच्या बुरशीनाशक वापरावर अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना युरोपात पेटंट मिळालं. त्याला आव्हान दिलं गेलं. पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांत 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात असेच प्रयोग झाले होते, ही साक्ष तिथं मोलाची ठरली. 2000 मध्ये ते पेटंट रद्द झालं आणि 2005 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

ॲझाडिरॅक्टिनचा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की तो प्रयोगशाळेत पहिल्यापासून बांधायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला बावीस वर्षं लागली. 2007 मध्ये ते जमलं. म्हणजे कारखान्यात तो स्वस्तात तयार होणं नाही. लिंबोळीचं औषध हवं असेल तर कोणीतरी झाडाखाली बसून बिया वेचायला हव्यात. माझ्या मते ही या झाडाची फार मोठी ताकद आहे, कारण आजींच्या ओसरीवरचं काम कुठलाही रासायनिक कारखाना हिरावून घेऊ शकत नाही.

आठ दिवसांनी येणारं पाणी

आरोग्य सेवकाबरोबर एक सकाळ गल्लीबोळांतून फिरलो. त्याच्या खांद्याला झोळी, हातात विजेरी आणि खडू. 'कंटेनर सर्वे' हे त्या कामाचं नाव. घरात शिरायचं, पाण्याची सगळी भांडी तपासायची, अळ्या दिसल्या की भांडं दूषित म्हणून लिहायचं, दारावर तारीख टाकायची. तो टिपाडात वरून डोकावत नाही. विजेरीचा झोत तिरका पाडतो आणि हळूच कडेला टिचकी मारतो. अळ्या झोताच्या बाहेर पळतात आणि त्या हालचालीवरूनच दिसतात.

या गावाला नळाचं पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. त्यामुळं घरोघरी दोनशे लिटरची टिपाडं, सिमेंटचे हौद, रांजण, आणि गच्चीवर काळी टाकी. एडिसला अंड्यापासून डास व्हायला उष्ण दिवसांत आठवडा ते दहा दिवस पुरतात. नळाच्या पाळीशी ही मुदत नेमकी जुळते. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' अशा पाट्या आरोग्य खात्यानं रंगवल्या आहेत, पण जिच्या टिपाडात अजून चार दिवसांचं पाणी आहे ती बाई ते ओतून कसं देईल? "दादा, ह्याच्यावर आठ दिस काढायचेत," असं एकीनं सांगितलं, तेव्हा सेवक गप्प राहिला. मग त्यानं जुन्या साडीचा तुकडा मागून घेतला, टिपाडाच्या तोंडावर ताणला आणि सुतळीनं आवळून बांधून दिला.

मी त्याला लिंबोळीच्या तेलाबद्दल विचारलं. पिण्याच्या पाण्यात नाही चालणार, असं तो ताबडतोब म्हणाला. कडू लागतं, वास येतो, वर तवंग धरतो. अबेटला फारशी चव नाही, तरी लोक ओरडतात. शिवाय लिंबोळीचं तेल पोटात गेलं तर लहान मुलांना ते घातक ठरू शकतं. ते पाजल्यावर तान्ह्या बाळांच्या मेंदूवर आणि यकृतावर गंभीर परिणाम झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. झाडाचं आहे म्हणून निर्धोक, असं मानून चालत नाही.

मग ते चालतं कुठं? डास कुठला, यावर ते ठरतं. एडिस स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. हिवताप पसरवणाऱ्या ॲनाफिलिसपैकी स्टीफन्सी ही जात शहरात विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्यांत वाढते, क्युलिसिफेसीस खेड्यांत, शेताशिवारातल्या साचलेल्या पाण्यात. हत्तीरोगाचा क्युलेक्स गटारात, सेप्टिक टाकीत, घाण डबक्यात. लिंबोळीच्या तेलाला जागा आहे ती माणूस पीत नाही त्या पाण्यात: कूलर, फ्रिजमागचा ट्रे, टायर, गटार, बांधकामावरचं साचलेलं पाणी, शौचालयाची टाकी. त्याच टाकीच्या हवेच्या पाइपला जाळी बांधायची असते. सेवक ती झोळीतच बाळगतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्थेत यावर बरंच काम झालं आहे. व्ही. पी. शर्मा संस्थेचे प्रमुख असताना लाकडाचा भुसा लिंबोळीच्या तेलात भिजवून पाण्यात सोडण्याचा प्रयोग झाला. 1995 च्या त्या निबंधात डासांची पैदास दीड महिना रोखल्याचं नोंदवलं आहे. 2009 मध्ये त्याच संस्थेतून लिंबोळी तेलाच्या एका खास द्रावणाचे निष्कर्ष आले. अळ्यांपैकी निम्म्या मारायला दर दहा लाख भागांत दोन भागांहूनही कमी तेल पुरलं, आणि प्रत्यक्ष पाणवठ्यांवर एडिसच्या अळ्या सात दिवसांपर्यंत आटोक्यात राहिल्या.

या सात दिवसांतच सगळी मेख आहे. ऊन लागलं की ॲझाडिरॅक्टिन विरून जातं. जमिनीत आणि पाण्यात विष साठून राहत नाही, हा त्याचा मोठा गुण, पण त्याच गुणापायी दर आठवड्याला पुन्हा टाकावं लागतं. त्यात तेल आणि पाणी एकजीव होत नाहीत. नुसतं तेल ओतलं तर तवंग येतो आणि वारा सुटला की तो एका काठाला जातो. साबणाचं किंवा दुसऱ्या कशाचं तरी मिश्रण करून ते फोडावं लागतं. शेतकरी पाच टक्के निंबोळी अर्क करताना साबणाचा चुरा घालतात तो यासाठीच.

नक्कल झालेलं फूल

वनस्पतीनं डास मारण्याचं सगळ्यात यशस्वी उदाहरण आपल्याकडच्या झाडाचं नाही. ते ॲड्रिॲटिक समुद्राकाठच्या डाल्मेशियातलं, शेवंतीच्या कुळातलं पांढरं फूल. वाळवून कुटलं की पायरेथ्रम. जपानमध्ये एईचिरो उएयामा यांनी 1890 मध्ये त्याची उदबत्ती केली. ती लवकर जळून जायची. त्यांच्या पत्नी युकी यांनी तिला वेटोळं द्यायची कल्पना सुचवली आणि 1902 पासून वेटोळ्याच्या कॉइल बाजारात आल्या. आपल्याकडच्या 'कासव छाप'ची वंशावळ तिथवर जाते. पायरेथ्रम पुढं केनियाच्या डोंगरांत पिकू लागलं, काश्मीरमध्येही त्याची लागवड झाली.

मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या फुलातल्या रेणूची नक्कल केली. 1949 मध्ये ॲलेथ्रिन, आणि 1970 च्या दशकात उन्हातही टिकणारं परमेथ्रिन. आज मच्छरदाणीला लावलेलं, भिंतीवर फवारलेलं, मशिनमधल्या बाटलीत असलेलं औषध बहुतेक याच घराण्यातलं असतं. फुलापेक्षा नक्कल स्वस्त पडली आणि जास्त दिवस टिकली. पण सतत एकाच ठिकाणी घाव बसत राहिला, आणि डासांच्या ज्या वंशात त्या घावाला दाद न देणारा बदल होता, तो वंश फोफावला. क्युलिसिफेसीस आधी डीडीटीला, मग मॅलेथिऑनला आणि आता देशात बऱ्याच ठिकाणी पायरेथ्रॉइडलाही पुरून उरतो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथं हिवताप फार आहे, तिथं मच्छरदाणीवरच्या याच औषधाचा आधार असतो. दाद न देणारा डास वाढणं ही तिथं जिवावरची गोष्ट होते.

मूळ फुलाचा अर्क मात्र अजून कामावर आहे आणि तोही सरकारी. गावात डेंगीचा रुग्ण सापडला की आसपासच्या घरांत घरोघर जी फवारणी होते, तिच्यात दोन टक्के पायरेथ्रम अर्क एकास एकोणीस या प्रमाणात रॉकेलमध्ये मिसळलेला असतो. तो उडते डास खाली पाडतो आणि भिंतीवर विष मागं ठेवत नाही. हे औषध फुलाचं आहे, हे फवारणाऱ्या पोरालाही माहीत नव्हतं. सांगितल्यावर त्यानं डब्याचं लेबल निरखून वाचलं.

या कथेत तिळाचाही वाटा आहे. 1940 च्या सुमारास लक्षात आलं की पायरेथ्रममध्ये तिळाचं तेल मिसळलं तर त्याचा जोर वाढतो. डासाच्या शरीरात विष फोडून निकामी करणारी जी यंत्रणा असते, तिला तिळातले घटक अडवतात. त्याच धाग्यानं पुढं पायपेरोनिल ब्यूटॉक्साइड नावाचा पदार्थ आला, आणि आज जागतिक आरोग्य संघटना दाद न देणाऱ्या डासांच्या भागांसाठी ज्या मच्छरदाण्या सुचवते, त्यांतल्या काहींत पायरेथ्रॉइडच्या जोडीला तो असतो.

लिंबोळीला वेगळी वागणूक द्यायला हवी, ती इथं. 1995 मध्ये कॅनडात मावा किडीवर एक प्रयोग झाला. चाळीस पिढ्या शुद्ध ॲझाडिरॅक्टिनच्या सहवासात वाढलेला मावा त्याला कितीतरी पट पुरून उरू लागला. पण त्याच माव्याला जेव्हा लिंबोळीचा सबंध अर्क मिळत राहिला, तेव्हा चाळीस पिढ्यांनंतरही तो कोडगा झाला नाही. सबंध अर्कात एकाच वेळी अनेक घटक असतात आणि किडीला त्या सगळ्यांवर एकदम मात करता येत नाही. म्हणून एकच घटक गाळून घेण्यापेक्षा घाण्यावरचं पुरं तेल वापरणं शहाणपणाचं आहे, असं मला वाटतं.

धूर

संध्याकाळी दारात घमेलं, त्यात निखारे, वर लिंबाचा पाला, निर्गुडी, कधी वेखंड, कधी ऊद. ही रीत जुनी आहे. सुश्रुतसंहितेत जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, लिंबाची पानं, तूप आणि मीठ यांचा धूप करायला सांगितलं आहे. तिथं हेतू रुग्णाचं रक्षण हा होता.

धुरानं डास हटतात, हे खरं आहे. धूर आहे तोवर हटतात. पण डास मेलेले नसतात. ते खोलीबाहेर, गोठ्यात, शेजारच्या घरात बसतात आणि धूर निवळला की परततात. या धुराचा हिशेब माणसाच्या फुप्फुसातही मांडावा लागतो. 2003 मध्ये 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज'मध्ये आलेल्या अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना डॉ. संदीप साळवी यांनीही हा धोका वारंवार सांगितला होता. कॉइलमध्ये भुसा आणि भुकटी जळते, घमेल्यात पाला जळतो. बंद खोलीत दोन्हींचा धूर फुप्फुसाला सारखाच. तान्हं मूल किंवा दम्याचा माणूस असलेल्या घरात मी हा धूर करू नका असंच सांगेन.

बाजारात 'शंभर टक्के हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या डास पळवणाऱ्या अगरबत्त्यांची गोष्ट याहून वाईट आहे. कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी नसलेल्या अशा अगरबत्त्यांमध्ये मान्यता नसलेली कृत्रिम पायरेथ्रॉइडं आढळली आहेत. वेष्टनावर तुळशीचं चित्र, आत प्रमाण ठाऊक नसलेलं विष, आणि ते जाळून श्वासात. नोंदणी क्रमांक छापलेला नसेल तर ती पेटी घरात आणू नये.

अंगाला काय लावायचं

गवती चहाच्या जवळच्या भाऊबंदांतलं सिट्रोनेला गवत. त्याच्या तेलाला डास नक्की बिचकतात, पण ते भराभर उडून जातं. 2002 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या तुलनेत सिट्रोनेलाची उत्पादनं वीस मिनिटांतच थकली. जवळजवळ चोवीस टक्के डीट असलेलं मलम पाच तास टिकलं. दोन टक्के सोयाबीन तेलाचं एक उत्पादन मात्र दीड तासाहून जास्त चाललं. रोपवाटिकेत 'डास पळवणारं झाड' म्हणून जी कुंडी मिळते, तिचा खिडकीत ठेवून उपयोग नाही. तेल पानाच्या आत बंद असतं, पान चुरगळल्याशिवाय ते हवेत येतच नाही.

वनस्पतींतून खरा टिकाऊ पर्याय मिळाला तो लिंबूच्या वासाच्या निलगिरीतून. तिच्या पानांपासून मिळणारं पीएमडी हे द्रव्य काही तास काम देतं आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं ते शिफारशीच्या यादीत घेतलं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना ते लावायचं नाही. आपल्याकडं शर्मा यांच्या गटानं 1993 मध्ये खोबरेल तेलात दोन टक्के लिंबोळी तेल मिसळून अंगाला लावण्याचा प्रयोग केला आणि ॲनाफिलिसविरुद्ध त्याचा चांगला गुण आला. गावात हे करता येतं, खर्च किरकोळ. पण ॲनाफिलिस रात्री चावतो, त्यामुळं झोपताना लावलेलं तेल कामी येतं. डेंगीचा डास सकाळी आणि दुपार कलल्यावर चावतो, मूल शाळेत असतं तेव्हा. रात्री चोपडलेल्या तेलाचा त्याच्याशी संबंध येत नाही.

भातखाचरात आणि नदीवर

लिंबोळी पाण्यात घालून मोठ्या प्रमाणावर डास आवरता येतील का, हे तमिळनाडूत मदुराईच्या वैद्यकीय कीटकशास्त्र केंद्रानं भातखाचरात तपासलं. त्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले बी. ए. नागसंपगी हे लिंबोळीचे जाणकार रसायनशास्त्रज्ञ सहभागी होते. जपानी मेंदूज्वर पसरवणारे क्युलेक्स भाताच्या पाण्यात वाढतात. युरियाला लिंबोळीच्या पेंडीचा लेप दिला आणि खाचरातलं पाणी अधूनमधून काढून पुन्हा भरलं. दोन्ही उपाय मिळून अळ्या लक्षणीय घटल्या. यात शेतकऱ्याला डासासाठी वेगळं काहीच करायचं नव्हतं. खत तो घालणारच होता. असा उपाय टिकतो, कारण तो रोजच्या कामात मिसळून जातो.

दुसरीकडं, वनस्पतीच डासाला आसरा देते हेही डोळ्यांआड करून चालणार नाही. पुण्यात मुळा, मुठा, पवना उन्हाळ्याच्या तोंडावर जलपर्णीनं झाकल्या जातात. खालचं सांडपाणी थांबतं, मासे आत शिरत नाहीत आणि क्युलेक्सचे थवे संध्याकाळी इमारतींत घुसतात. केरळात चेरथळा भागात हत्तीरोगाच्या मॅन्सोनिया डासाची अळी पाणवनस्पतींच्या मुळांत आपली श्वासनळी रोवून पाण्याखालीच राहते, वर येतच नाही. तिच्यावर तेलाचा तवंग काय करणार? तिथं वनस्पती उपटून काढणं हाच उपाय ठरला, आणि पाँडिचेरीच्या कीटक नियंत्रण संशोधन केंद्रानं लोकांना मत्स्यशेतीची जोड देऊन तो करून दाखवला.

शेवंतीचा अर्क, निर्गुडी, सीताफळाच्या बिया, करंज, घाणेरी, अशा शेकडो वनस्पतींवर आपल्याकडच्या महाविद्यालयांत निबंध लिहिले गेले आहेत. झेंडूच्या मुळांतलं एक द्रव्य प्रकाश पडला की अळ्यांना मारतं. दिवाळीच्या तोरणातला झेंडू बघताना हे मला नेहमी आठवेल. पण या निबंधांतलं फारच थोडं बाटलीपर्यंत पोचलं. चंचुपात्रातलं पाणी स्वच्छ असतं, सावलीत असतं, अळ्या मोजून सोडलेल्या असतात. गटारात यांतलं काहीच नसतं. शिवाय दर हंगामाला अर्क बदलतो, आणि नोंदणीसाठी प्रत्येक वेळी सारखाच निघणारा माल लागतो. इथं पैसा आणि चिकाटी लागते. ती महाविद्यालयाकडं नसते, आणि कंपनीला बांधावर मिळणाऱ्या बीमध्ये रस नसतो. हे काम सरकारनं अंगावर घ्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

बाटलीवर काय हवं

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे खणून सांडपाणी जमिनीत जिरवलं आणि गटारंच उरू दिली नाहीत. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात 1983 पासून हिवताप संशोधन केंद्रानं खड्डे बुजवून, गप्पी मासे सोडून फवारणीवाचून हिवताप खाली आणला. या दोन्ही ठिकाणी माणसांचे हात लागले, तेही दर आठवड्याला. लिंबोळीलाही तेच हात लागतात. पाणी जिरवता येतं तिथं जिरवावं, झाकता येतं तिथं झाकावं, मासे राहतील तिथं मासे सोडावेत आणि त्या पाण्यात तेल घालू नये. यांतलं काहीच जमत नाही असं जे पाणी उरतं, ते लिंबोळीचं.

परतीच्या वाटेवर आरोग्य सेवकाला विचारलं, उद्या उपकेंद्रावर अशी बाटली आली तर वापरशील का?

"वापरीन की," तो म्हणाला. "पण तिच्यावर चार गोष्टी लिहून द्या. किती पाण्याला किती झाकणं. किती दिवसांनी परत. कुठल्या पाण्यात अजिबात नको. आणि तेल कुठल्या महिन्यात काढलंय ते." थोडं पुढं जाऊन तो थांबला. "अक्षरं मोठी ठेवायला सांगा. आमच्या टाक्या जिथं असतात ना, तिथं उजेड नसतो."